देवांसाठी स्थळ पाहताना

परवा सकाळी दुकानाचं शटर वर केलं आणि पाचट जळल्याचा वास सरळ आत शिरला. बाहेर उसानं लादलेल्या ट्रॉल्या, रस्त्यावर सांडलेल्या कांड्या, त्यांच्यावर तुटून पडलेल्या शेळ्या. ऊसतोड सुरू झाली. या वासानं कुणाला गरम गूळ आठवत असेल, कुणाला कारखान्याचा भोंगा. माझा हात मात्र आपोआप फोनकडे जातो. काही वर्षं झाली तरी जातो. मग लक्षात येतं की बोरीच्या आमच्या वस्तीवर, म्हणजे मळ्यातल्या घरी, फोन उचलायला आता कुणी राहत नाही.

फोन हातात घेतलाच आहे, म्हणून जुने फोटो चाळत बसतो. माझ्या फोनमधले फोटो परक्या माणसानं पाहिले तर त्याला माझ्या डोक्याबद्दल शंका येईल. कांद्याची करपलेली पात, मग एक चतुर्भुज विष्णू, मग टोमॅटोचं मुरडलेलं पान, मग विष्णूचीच पाठ, मग द्राक्षावरची भुरी. माझं ओतूरला शेतीच्या औषधांचं दुकान आहे. घरातलं माणूस तापलं तर आमच्याकडे दोन दिवस अंगावर काढतात, पण पातीवर ठिपका दिसला की पाचव्या मिनिटाला माझ्या फोनवर फोटो. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, भाऊ, पानाच्या दोन्ही बाजू पाठवा, रोग पाठीवर बसतो; आणि शेजारी आगपेटी ठेवा, म्हणजे ठिपका केवढा ते कळतं.

या धंद्यानं माझी नजर बिघडली. मला संग्रहालयांचा जुना नाद. लग्नाला निघालेलो असो की दवाखान्याला, त्या गावात संग्रहालय असलं तर मी तिकडे वळतोच, आणि मूर्ती दिसली की पुढून एक, मागून एक फोटो काढतो. मागची बाजू बहुतेक वेळा भिंतीला लागलेली असते. मग मी भिंत आणि देव यांच्या फटीत हात घालून अंदाजानं बटण दाबतो, पहारेकरी खेकसतो, आणि घरची मंडळी दुसऱ्या कुणाबरोबर तरी आल्यासारखा चेहरा करून पुढच्या दालनात जातात. काचेमागच्या वस्तूंचं तर विचारूच नका. प्रत्येक फोटोत वस्तू अर्धी आणि माझं टक्कल पूर्ण. वंदना, म्हणजे माझी बायको, पाहुण्यांना सांगते, "ह्यांना देवाला कोणता रोग झालाय ते बघायचं असतं." एकदा पिंपळवंडीच्या एका गिऱ्हाइकाला औषधाच्या पुड्याच्या फोटोऐवजी चुकून शेषशायी विष्णूचा फोटो गेला. त्यानं हात जोडलेलं चित्र उलट पाठवलं आणि आठवड्यानं सांगितलं की कांदा सुधारला, राव.

पण काही वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्यातले फोटो वेगळे आहेत. त्यात मूर्ती कमी आणि दिवे, कोपरे, कुलपं, पहारेकऱ्याची खुर्ची, छताला आलेली ओल असलं काहीबाही जास्त. ते माझ्या नादाचे फोटो नाहीत. ते आईनं काढायला लावलेले.

त्या वर्षी दिवाळी होऊन चार दिवस झाले होते. आई वस्तीवर एकटी. तीन खोल्यांचं स्लॅबचं घर, पुढं ओटा, आणि ओट्यापासून दहा पावलांवर माणूसभर उंचीचा ऊस. दिवेलागणीला ती देवापुढं बसली होती आणि ओट्यावर कुत्रा बांधलेला होता. नंतर तिनं एवढंच सांगितलं, की साखळी वाजली, आन् मग वाजायची थांबली. तिनं दार लावून घेतलं आणि दिव्यात तेल घालत बसली. आमच्याकडे बिबट्या काही नवलाचा नाही. लोक पोरांना शाळेत सोडायला जथ्यानं जातात, बाया खुरपताना एकीला पाळीनं उभं ठेवतात. वनखात्याचा पिंजरा आला, त्यात शेळी बांधली, शेळी धडधाकट राहिली. पण मी ओतूरला आणि माझा थोरला भाऊ, दादा, पिंपरीला, आम्ही दोघांनीही त्यानंतर झोप म्हणून घेतली नाही.

फोनवर ठरलं. आईनं सहा महिने दादाकडं राहायचं, सहा महिने माझ्याकडं. ती किती भांडेल याची तयारी करून आम्ही गेलो होतो. ती लगेच बरं म्हणाली. आमच्या आईनं एखादी गोष्ट लगेच मान्य केली की तिच्या मनात दुसरंच काही आहे असं समजावं.

तिची अडचण निराळीच होती. देवघरातले टाक. टाक म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर ठसा उठवलेला देव, तळहातात मावेल एवढा. खंडोबा, भैरोबा, भवानी, मुक्ताई, घराण्यातला एक वीर. आणि यांच्याबरोबर एका बाईचा टाक. ही दादाची आई. दादा रांगत असताना ती गेली, आणि तिची पाठची बहीण त्याच घरात दुसरेपणावर आली. ती माझी आई. दुसरेपणाच्या बाईनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, ही आमच्याकडची रीत. आईनं बहिणीला सवत म्हणून गळ्यात घातलं. पुढं टाकाची कडी तुटली, तेव्हा तिला देवांच्या रांगेत बसवलं आणि त्यांच्याबरोबर रोज अंघोळ घातली. दादा आईला मावशी म्हणतो, मी आई म्हणतो, आणि लहानपणी बरेच दिवस मला वाटायचं की दादाकडं माझ्यापेक्षा एक नातं जास्त आहे.

"मानूस हितं सहा म्हयने, तितं सहा म्हयने चालतंय," आई म्हणाली होती. "देव फिरतं ठेवत न्हाईत." दिवाळीनंतर महिन्याभरानं येणाऱ्या चंपाषष्ठीला खंडोबाची तळी भरायची असते. त्याच्या आत देव एका जागी बसले पाहिजेत. कोणत्या जागी, ते तिनं आम्हाला विचारलं नाही. आम्हीही विषय काढला नाही. दादाचा सातव्या मजल्यावरचा फ्लॅट, त्याची कंपनीची शिफ्ट. आमच्याकडे वंदनाची सकाळची शाळा, आणि माझी स्मरणशक्ती अशी की दुकानाला कुलूप लावलं का ते बघायला मी रोज परत जातो. मनात असले हिशेब चालले होते, आणि तोंडानं आम्ही बिबट्याविषयी बोलत होतो.

त्या आठवड्यात तिला डोळे दाखवायला पुण्याला नेलं. डॉक्टर दुपारी भेटणार होते, म्हणून मी सवयीनं एका जुन्या संग्रहालयात वळलो. वंदनाही होती. दिवे, अडकित्ते, नक्षीची दारं बघत आम्ही वरच्या मजल्यावर गेलो आणि एका काचेपुढं आई थांबली. आत निळ्या कापडावर टाक मांडले होते. कुणाकुणाच्या देवघरांतले, ओळीनं. मी पुढून फोटो काढला, टकलासकट.

आईनं चपला काढल्या, हात जोडले आणि पहारेकऱ्याला विचारलं, "ह्यास्नी अंघोळ कोन घालतं?"

पहारेकरी पोक्त माणूस होता, हसला नाही. एक मॅडम येतात, हातमोजे घालतात, मऊ ब्रशनं पुसतात, म्हणाला. आणि दिवा? दिवा दिवसभर असतो. हात लावायला परवानगी? कुणालाच नाही, आजी. मी फ्लॅश मारला होता त्यावरून तो मला बोलला, तेही तिनं मान हलवत ऐकलं. "हात लावू नये" ही पाटी तिनं बोट फिरवत पुन्हा वाचली.

मला वाटत होतं ती आता रडेल. नैवेद्यावाचून पडलेले देव, बेवारशी खंडोबा, असं काहीतरी म्हणेल, आणि मग मी तिची समजूत काढेन. समजुतीची दोन वाक्यंही जुळवून ठेवली होती. गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "जागा बरी हाय. सोवळं पाळत्यात."

डोळ्यांचं काम उरकून परतताना मंचर गेलं तरी मला त्याचा अर्थ लागला नव्हता. वंदनाला मात्र तेव्हाच लागला होता. ती खिडकीबाहेर बघत होती आणि तिचा जबडा आवळलेला होता.

देव संग्रहालयात द्यायचे, असं तिनं ठरवलं होतं. मग सुरू झालं ते स्थळ बघणंच. मुंबईला भाच्याचं लग्न होतं, तिथलं मोठं संग्रहालय पाहिलं. ते तिला पसंत पडलं नाही. देवांच्या शेजारच्या काचेत खंजीर आणि अफूच्या डब्या. शेजार बरा न्हाई. नाशिकच्या वाटेवर कुणीतरी हौसेनं मांडलेलं एक छोटं संग्रहालय होतं. तिथं छताला ओल आलेली, आणि पहारेकरी खुर्चीत झोपलेला. त्याचा मी फोटो काढावा असं तिचं म्हणणं पडलं, पुरावा म्हणून. मी काढला. मुलगी द्यायची तर आपण सासरच्या न्हाणीपर्यंत डोकावतो, तशी ती डोकावत होती. तेव्हा ती रात्रीपुरती आमच्याकडं यायची, आणि सकाळी देवांच्या अंघोळीला मी तिला वस्तीवर सोडायचो. संध्याकाळी ओतूरला आमच्या स्वयंपाकघरात माझा फोन हातात धरून बसायची, बोटांनी फोटो मोठा करायची आणि विचारायची, ह्या कोपऱ्यात जळमट हाय का रे? खिडकी कोनत्या दिशेला? ह्यो मानूस चिडका दिसतोय.

मी जळमटं शोधून देत होतो. तिला थांबवावं तर काय सांगून? देव माझ्याकडं ठेव, एवढे शब्द पुरले असते. पण त्या शब्दांमागं रोजची अंघोळ होती, नवरात्रातला घट होता, सोमवती अमावास्या होती. शिवाय दादा होता. दादाच्या आईला माझ्या घरात ठेवून घेणारा मी कोण? एका रात्री जेवताना मी हे सगळं वंदनाला फार समंजसपणे समजावून सांगितलं. तिनं भाकरी मोडता मोडता ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आईंनी पुण्या-मुंबईची संग्रहालयं पाहिली. माझं घर पाहिलं नाही." त्यानंतर मी जेवलो की नाही ते आठवत नाही. बहुधा जेवलो. मी जेवतोच.

चंपाषष्ठी जवळ आली तशी आई पुन्हा त्या पुण्याच्या संग्रहालयावर येऊन थांबली, आणि आम्ही तिथल्या ऑफिसात जाऊन बसलो. समोर एक तरुण मॅडम. आईनं पदर सारखा करून विषय काढला. मॅडमनी कुठंही न हसता सगळं ऐकलं. पूजेतले देव आहेत ना, मग का द्यायचेत, असं विचारलं. आई म्हणाली, जागा बरी वाटली.

मॅडम म्हणाल्या, प्रत्येक टाकाचे पुढून-मागून फोटो लागतील, शेजारी मापाला काहीतरी ठेवून. मी एवढ्या काळजीतही खुर्चीत जरा ताठ बसलो. जगात प्रथमच कुणीतरी माझ्या पद्धतीनं फोटो मागत होतं. मग त्यांनी सांगितलं, सगळंच बाहेर मांडता येत नाही, बरंचसं आत पेट्यांत असतं, पण नीट असतं. "पेटीत," आई म्हणाली. "म्हंजे अंधारात." मॅडम हो म्हणाल्या. शेवटी त्यांनी सांगितलं, घराण्याच्या वस्तू आहेत, तर दोन्ही मुलांची संमती लागेल.

जिना उतरताना आईनं माझा दंड धरला होता. नको म्हणेल असं वाटलं, पण तेही ती म्हणाली नाही. दादाला मीच फोन केला. त्याच्या मागं मशिनचा आवाज येत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "रविवारी वस्तीवर येतो. मी येईस्तवर काय करू नको."

रविवारी सकाळी आईनं ओट्यावर पांढरं धोतर पसरलं आणि त्यावर टाक मांडले. पलीकडच्या बांधावर तोड चालू होती, कोयत्यांचा आवाज येत होता, आणि ऊस एकेक सरीनं मागं हटत होता. मी गुडघ्यांवर बसलो, आगपेटी ठेवली. फोनच्या पडद्यावर चेहरा दिसला की त्याच्याभोवती एक पिवळा चौकोन येतो. खंडोबावर आला. भैरोबावर आला. भवानीवर, मुक्ताईवर, वीरावर आला. दादाची मोटार आली तेव्हा मी शेवटच्या टाकाशी, त्याच्या आईशी, अडलो होतो. आधी गळ्यात राहून, मग रोजच्या हातानं त्या टाकाचं तोंड झिजून गुळगुळीत झालेलं. फोनला तिथं कुणी दिसत नव्हतं. मी उजेड बदलला, बाजू बदलली, चौकोन येईना. दादा माझ्या पाठीमागून वाकून बघायला लागला. टाकाच्या चकाकीत त्याचं तोंड उमटलं, आणि चौकोन तिथं येऊन बसला.

मी फोन खाली ठेवला.

दादा ओट्यावर टेकला. "मावशी, मला विचारायचं व्हतं."

"इचारलं असतं तर तू व्हय म्हनला असतास."

"मंग?"

"म्हनून न्हाई इचारलं." आई टाक सरळ करत बोलत होती, आमच्याकडं बघत नव्हती. "तुला व्हय म्हनायची सवं हाय, बाळू. ल्हानपनापासनं. ह्या सुदामला दिलं तर गाव म्हनंल, भनीच्या पोराला देव सुदिक दिलं न्हाईत. तुला दिलं तर ह्याला वाटंल, पोटचा असून आपल्याला वगाळलं." मग तिनं माझ्याकडं बघितलं. "वाटतंय का न्हाई ते बग त्याच्या तोंडावर."

अशा वेळी माणसानं काहीतरी बोलावं. मी म्हणालो की ऊन चढायच्या आत उरलेले फोटो काढून घेऊ.

दादानं तो गुळगुळीत टाक उचलला. त्याच्या आईचा फोटो कुठंच नाही. त्या काळी वस्तीवर फोटो काढणारं कोण येणार? त्यानं टाक तळहातावर ठेवला, उलटा केला, पुन्हा सरळ केला. "हिला पन देनार व्हतीस?"

"तिला एकलीला मागं कशी ठिवू?"

"पेटीत नको, मावशी." दादाचा आवाज नेहमीसारखाच होता, पण त्यानं मूठ मिटली होती. "मी नेतो. समद्यांना. शिफ्टवरनं आलो की अंघोळ घालीन."

"तुजी बायको?"

"तिनंच सांगितलंय. देव घेतल्याबिगर दारात येऊ नका म्हनाली."

आई हे ऐकून गोंधळली. इतक्या संग्रहालयांची छतं तिनं तपासली होती, आणि एका सुनेनं न विचारताच दार उघडून ठेवलं होतं. दुसरीनंही, म्हणजे वंदनानंही, ठेवलं असतं. ते मला माहीत होतं आणि त्या क्षणी मी ते बोललो नाही. आईनं देव धोतरात गुंडाळले, गाठ मारली. "मंग मी बी तितंच," ती म्हणाली. "जितं देव, तितं मी. सहा म्हयन्याचं सोडा आता."

त्या वाक्यासरशी माझं ओझं उतरलं. रोजची अंघोळ नाही, घट नाही, विसरण्याची भीती नाही. आणि ते उतरलं तशी त्याच्याखाली एक मोठी रिकामी जागा निघाली: आई आता माझ्याकडं राहायला येणार नव्हती. दादाला ते कळलं असावं. तो माझ्या खांद्यावर हात ठेवून गाडीकडं गेला. मी मॅडमना फोन करून सांगितलं की घरातच जागा झाली. त्या म्हणाल्या, फार छान, आणि मला वाटलं की त्या खरंच खूश झाल्या.

चंपाषष्ठीला आम्ही पिंपरीला गेलो. लिफ्टमध्ये वंदनाच्या हातात भरताच्या वांग्यांचं ओझं, माझ्या हातात भंडाऱ्याची पुडी. सातव्या मजल्यावर खिडकीतून नुसत्या खिडक्या दिसत होत्या. फ्रिजच्या शेजारी भिंतीला नवं लाकडी देवघर ठोकलेलं. आई त्याच्यापुढं पाटावर बसली होती आणि डोळ्यांत औषध घातल्यामुळं तिला नीट दिसत नव्हतं. वहिनी वंदनाला हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेली. थोड्या वेळानं आतून दोघींचं हसू ऐकू आलं, आणि त्यात माझं नावही ऐकू आलं.

दादा रात्रपाळी करून आला होता. डोळे तांबारलेले, अंगावर धूतवस्त्र, ताम्हणात पाणी. खंडोबाला चिंच लावून त्यानं खसाखसा घासलं, भैरोबाला घासलं, मशिनचा पार्ट घासावा तसं. मी दारात उभा होतो. मग त्यानं बाईचा तो गुळगुळीत टाक घेतला, चिंच लावली आणि त्याच जोरात अंगठा फिरवायला सुरुवात केली. आईला दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. तिनं हवेत हात पुढं केला आणि त्याचं मनगट धरलं.

"हळू, बाळू," ती म्हणाली. "तिला आता तेवढंच तोंड ऱ्हायलंय."